लॉगिन केल्यावर लॅपटॉपची स्क्रीन काळी पडते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅपटॉप सुरू होतो, कंपनीचा लोगो दिसतो, पासवर्डची चौकट येते, पासवर्डही बरोबर असतो आणि एंटर दाबताच समोर नुसता अंधार. इथली बहुतेक उत्तरे विंडोज १० आणि ११ साठी आहेत. लिनक्स आणि मॅकचे प्रश्न शेवटाकडे घेतले आहेत. कमांड आणि मेनूंची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरे वापरायची.

स्क्रीनच गेली आहे का? नवे पॅनेल टाकावे लागेल का?

बहुधा नाही. पासवर्डची चौकट नीट दिसली असेल तर पॅनेल, त्यामागचा बॅकलाइट, बिजागरीतून जाणारी डिस्प्ले केबल, रॅम, मदरबोर्ड हे सगळे निदान तोपर्यंत तरी काम करत होते. बिघाड लॉगिनच्या पलीकडे आहे.

एंटर दाबल्यावर विंडोज तुमचे प्रोफाइल (तुमच्या खात्याच्या फाइली आणि सेटिंग्ज) उघडते, मग 'युजरइनिट' नावाचा छोटा प्रोग्राम चालतो, तो 'एक्सप्लोरर' सुरू करतो आणि त्याच्यापाठोपाठ स्टार्टअपला लावलेले बाकीचे प्रोग्राम येतात. टास्कबार, आयकॉन, स्टार्ट मेनू हे सगळे एक्सप्लोररच काढतो. तो आलाच नाही, तर लॅपटॉप चालू असूनही दाखवायला काही नसते. त्यामुळे संशयित मोजकेच: एक्सप्लोरर सुरू न होणे, ग्राफिक्स ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र आणणारा प्रोग्राम) अडकणे, चित्र भलत्याच स्क्रीनवर जाणे, स्टार्टअपचा एखादा प्रोग्राम आडवा येणे आणि प्रोफाइल किंवा डिस्क बिघडणे.

स्क्रीन पॉवर बटण दाबल्यापासूनच काळी असेल, लोगोसुद्धा दिसत नसेल, तर तो दुसरा आजार. त्याला इथले उपाय लागू पडणार नाहीत.

स्क्रीन काळी पडली की सगळ्यात आधी काय तपासायचे?

बटणे दाबत सुटण्याआधी चार गोष्टी बघून घ्या. पुढचा रस्ता त्यावरच ठरतो.

पहिली, माउसचा बाण दिसतो का आणि हलतो का. दिसत असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर जिवंत आहे, फक्त डेस्कटॉप आलेला नाही. दुसरी, कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो का. दिवा बदलत असेल तर यंत्रणा आत चालू आहे. बदलत नसेल तर ती पूर्ण गोठली आहे. (काही लॅपटॉपवर हा दिवाच नसतो.) तिसरी, कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकत्र दाबल्यावर लॉक, साइन आउट, टास्क मॅनेजर असे पर्याय येतात का. आले तर अर्धे काम झाले म्हणायचे.

चौथी गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते: काळ्या स्क्रीनवर अक्षरे आहेत का? विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत २०२५ पासून जुन्या निळ्या एरर स्क्रीनचा रंग काळा केला आहे. त्यावर यंत्रात अडचण आल्याचा मजकूर आणि खाली स्टॉप कोड असतो. तसे काही दिसले तर ती सिस्टीम क्रॅश आहे. कोडचा फोटो काढून ठेवा आणि शोध त्या कोडवरून घ्या.

किती वेळ वाट पाहावी? लगेच बंद केले तर चालेल?

नुकताच मोठा अपडेट झाला असेल तर पंधरा-वीस मिनिटे हात लावू नका, विशेषतः हार्ड डिस्कवाल्या जुन्या मशीनवर. अपडेटनंतरच्या पहिल्या लॉगिनला विंडोज प्रत्येक वापरकर्त्यासाठी ॲप नव्याने तयार करते आणि तेवढा वेळ स्क्रीन काळी राहू शकते. डिस्कचा दिवा लुकलुकतोय किंवा पंखा जोरात फिरतोय, म्हणजे आत काम चालू आहे. त्या वेळी जबरदस्तीने बंद केले तर अपडेट अर्धवट राहतो आणि छोट्या दुखण्याचे मोठे होते.

अपडेट नव्हता आणि पाच मिनिटांत काही हालचाल नाही, तर पॉवर बटण १० ते १५ सेकंद दाबून बंद करा. मग चार्जर, पेनड्राइव्ह, डॉक, एचडीएमआय केबल, प्रिंटर असे बाहेरचे सगळे काढा. बॅटरी काढता येणारी असेल तर तीही काढा आणि पॉवर बटण आणखी ३० सेकंद दाबून धरा. याने सर्किटमधला उरलासुरला विद्युतभार निघून जातो. नंतर फक्त चार्जर लावून सुरू करा. बाहेरचे उपकरण काढल्यावर डेस्कटॉप आला, तर एकेक परत लावत दोषी कोण ते शोधा.

माउसचा बाण दिसतो, बाकी सगळे काळे. काय करू?

सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हाच, आणि सर्वांत सोपाही.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर थेट उघडतो. न उघडल्यास कंट्रोल-ऑल्ट-डिलीटच्या पर्यायांतून उघडा. विंडोज ११ मध्ये वरच 'रन न्यू टास्क' असे बटण असते. विंडोज १० मध्ये 'मोअर डिटेल्स' दाबून मग फाइल मेनूत ते सापडते. चौकटीत 'एक्सप्लोरर डॉट ईएक्सई' टाइप करून एंटर दाबा. खालचा ॲडमिनिस्ट्रेटरच्या हक्कांचा चौकोन इथे रिकामाच ठेवा, कारण एक्सप्लोरर साध्या हक्कांनीच चालायला हवा.

आधी यादीत 'विंडोज एक्सप्लोरर' आहे का तेही बघा. असेल तर तो अडकलेला आहे. त्यावर राइट क्लिक करून 'रीस्टार्ट' निवडा. यादीत तो नसेल तर सुरूच झाला नव्हता. पुढे कारण शोधताना हा फरक लागतो.

अपडेटनंतरच हे सुरू झाले असेल आणि दर लॉगिनला काही मिनिटांनी डेस्कटॉप आपोआप येत असेल, तर टास्क मॅनेजरच्या 'सर्व्हिसेस' भागात 'ॲपरेडिनेस' शोधा. ॲप तयार करून देणारी सेवा हीच. ती चालू दिसली तर राइट क्लिक करून थांबवा. ती थांबवताच डेस्कटॉप उघडला, तर गाठ नेमकी तिथेच होती. ही सेवा कायमची बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तसे करू नका. तिचा मूळ प्रकार 'मॅन्युअल' आहे, तोच राहू द्या आणि राहिलेले अपडेट पूर्ण करून घ्या.

एक्सप्लोरर हाताने सुरू केला की डेस्कटॉप येतो, पण दर वेळी हेच करावे लागते. कायमचा इलाज?

मग विंडोजला लॉगिननंतर कोणता प्रोग्राम उघडायचा हेच चुकीचे सांगितले गेले आहे. टास्क मॅनेजरमधून 'रेजएडिट' (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदी दाखवणारा प्रोग्राम) चालवा, या वेळी ॲडमिनिस्ट्रेटरचा चौकोन टिक करून. डावीकडे एच-की-लोकल-मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंटव्हर्जन, विनलॉगऑन असे उतरत जा. 'विंडोज' आणि 'विंडोज एनटी' हे वेगवेगळे फोल्डर आहेत, इथे हमखास चूक होते.

उजवीकडे 'शेल' या नावापुढे फक्त एक्सप्लोरर डॉट ईएक्सई एवढेच हवे. 'युजरइनिट' या नावापुढे सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टीम३२ आणि युजरइनिट डॉट ईएक्सई असा पूर्ण मार्ग, आणि शेवटी एक स्वल्पविराम. तो स्वल्पविराम मुळातच तिथे असतो. चूक समजून पुसू नका.

एच-की-करंट-युजरखालीही याच मार्गाने विनलॉगऑन सापडते. तिथे 'शेल' नावाची नोंद सहसा नसते. असली तर फक्त त्याच वापरकर्त्याला काळी स्क्रीन दिसते. काहीही बदलण्याआधी फाइल मेनूतून त्या फोल्डरची एक्स्पोर्ट प्रत काढून ठेवा.

ही नोंद बदलते कशी? बहुतेकदा मालवेअरमुळे. तो 'शेल'पुढे स्वतःचे नाव घालतो; पुढे अँटिव्हायरस त्याची फाइल उडवतो, पण नोंद तशीच राहते. विंडोज लॉगिननंतर ती नसलेली फाइल शोधत बसते. म्हणून नोंद दुरुस्त केल्यावर विंडोज सिक्युरिटीतून 'ऑफलाइन स्कॅन' जरूर करा.

नोंदी बरोबर आहेत आणि तरी एक्सप्लोरर कोसळतोय, असे असेल तर इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजमधल्या घडामोडींची नोंदवही) उघडा. 'विंडोज लॉग्ज'मधल्या 'ॲप्लिकेशन'मध्ये इव्हेंट क्रमांक १००० शोधा. त्यात 'फॉल्टिंग मॉड्यूल' म्हणून एका फाइलचे नाव असते. ती फाइल एखाद्या झिप प्रोग्रामची, क्लाउड ड्राइव्हची किंवा टास्कबारचे रूप बदलणाऱ्या प्रोग्रामची निघाली, तर तो प्रोग्राम काढून टाका. टास्कबार सजवणारे प्रोग्राम मोठ्या अपडेटनंतर हटकून मोडतात.

बाणही दिसत नाही, पण कॅप्स लॉकचा दिवा बदलतो. आता?

यंत्रणा चालू आहे, चित्र तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. या क्रमाने जा.

विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबा. याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. छोटासा बीप येतो, स्क्रीन क्षणभर लुकलुकते. उघड्या फाइलींना धक्का लागत नाही.

मग चित्र दुसऱ्या स्क्रीनवर गेले आहे का ते बघा. लॅपटॉप कधी प्रोजेक्टरला किंवा टीव्हीला जोडून 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवडले असेल तर असे होऊ शकते. विंडोज आणि पी दाबा, दोन सेकंद थांबा, वरचा बाण एकदा दाबा, एंटर दाबा आणि पाच सेकंद थांबा. काही दिसले नाही तर तोच क्रम पुन्हा. 'सेकंड स्क्रीन ओन्ली' हा यादीतला शेवटचा पर्याय आहे, त्याच्या एक पायरी वर 'एक्स्टेंड'; तिथे पोहोचताच लॅपटॉपची स्क्रीनही उजळायला हवी.

ब्राइटनेसचे बटण काही वेळा वरच्या दिशेने दाबा. मग खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनला तिरका, अगदी जवळ धरा. पुसटशी आयकॉनची किंवा टास्कबारची आकृती दिसली, तर चित्र तयार होतेय आणि फक्त बॅकलाइट बंद आहे. शेवटी एचडीएमआयने बाहेरचा मॉनिटर लावून पाहा. तिकडे सगळे व्यवस्थित दिसले तर विंडोजला बोल लावण्यात अर्थ नाही.

आणखी एक किरकोळ वाटणारे कारण म्हणजे चुंबक. झाकण बंद झाले हे लॅपटॉपला चुंबकाला दाद देणाऱ्या सेन्सरमुळे कळते आणि तो सेन्सर बऱ्याच मॉडेलमध्ये कीबोर्डच्या कडेला असतो. मनगटावरच्या घड्याळाचा चुंबकी पट्टा, मोबाइलचे चुंबकी कव्हर किंवा खाली ठेवलेला दुसरा लॅपटॉप यांनी 'झाकण मिटले' असा खोटा निरोप जातो. पासवर्ड टाइप करताना मनगट नेमके तिथेच टेकते, म्हणून हा प्रकार लॉगिनच्या बिघाडासारखा भासतो. घड्याळ काढून एकदा लॉगिन करून बघा.

सेफ मोडमध्ये जायचे कसे? एफ८ दाबून काहीच होत नाही.

सेफ मोड म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांसह चालणारी विंडोज. विंडोज १० आणि ११ मध्ये एफ८ मुळातच बंद असते. पण तुमची लॉगिन स्क्रीन दिसते, हा मोठा फायदा आहे. पासवर्ड टाकू नका. उजव्या कोपऱ्यातल्या पॉवर चिन्हावर क्लिक करा, शिफ्ट दाबून धरा आणि 'रीस्टार्ट' निवडा. निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट असे जा. नंतर येणाऱ्या यादीत ४ म्हणजे साधा सेफ मोड, ५ म्हणजे इंटरनेटसह, ६ म्हणजे फक्त कमांड प्रॉम्प्ट.

लॉगिन स्क्रीनही येत नसेल तर विंडोजचे चक्र फिरत असताना पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असे लागोपाठ दोनदा केले की तिसऱ्यांदा दुरुस्तीचा पडदा आपणहून येतो. मात्र हा जबरदस्तीचा मार्ग आहे. शिफ्टने काम होत असेल तर इकडे वळू नका.

दोन अडथळे आधीच माहीत असू द्या. ड्राइव्ह बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाईल. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करत असाल तर ती सहसा त्या खात्यात ऑनलाइन साठवलेली असते. मोबाइलवरून खाते उघडून तुमच्या उपकरणाच्या तपशिलात बघा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर की आयटी विभागाकडे. दुसरे, सेफ मोडमध्ये पिन, बोटाचा ठसा किंवा चेहरा चालेलच असे नाही, खात्याचा खरा पासवर्ड हाताशी हवा.

सेफ मोडमध्ये डेस्कटॉप व्यवस्थित येतो. याचा अर्थ काय?

चांगली बातमी. सेफ मोडमध्ये विंडोज स्वतःचा प्राथमिक डिस्प्ले ड्रायव्हर वापरते आणि स्टार्टअपचे प्रोग्राम उघडत नाही. म्हणजे दोष या दोहोंपैकी एकात.

आधी ड्रायव्हर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले ॲडॉप्टर्स' उघडा. बिघाड अलीकडेच सुरू झाला असेल तर प्रॉपर्टीजमधल्या 'ड्रायव्हर' भागात 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा. त्याने आधीची आवृत्ती परत येते. ते बटण फिके असेल तर जुनी प्रत शिल्लक नाही. मग 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' निवडा आणि ड्रायव्हरच्या फाइलीही काढण्याचा चौकोन टिक करा. तो टिक केला नाही तर रीस्टार्टनंतर विंडोज तोच बिघडलेला ड्रायव्हर पुन्हा बसवते आणि 'काढूनही फरक पडला नाही' अशी तक्रार येते.

नवा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, तोही लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, मॉडेल क्रमांक टाकून. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्यांचा सर्वसाधारण ड्रायव्हर नवा असतो, पण तुमच्या मॉडेलसाठी तपासलेला असेलच असे नाही. काढणे आणि बसवणे यांदरम्यान वायफाय बंद ठेवा, नाहीतर विंडोज अपडेट मध्येच आपला ड्रायव्हर घुसवते.

ड्रायव्हर साफ करूनही भागले नाही तर सामान्य लॉगिनसाठी 'क्लीन बूट' करा. 'एमएसकॉन्फिग' चालवा, 'सर्व्हिसेस'मध्ये 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस' टिक करा आणि मगच 'डिसेबल ऑल' दाबा. हा क्रम उलटा केला तर विंडोजच्या स्वतःच्या सेवाही बंद पडतात. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतलेही सगळे बंद करा. डेस्कटॉप आला की निम्म्या सेवा चालू करून रीस्टार्ट करा. काळे झाले तर दोषी त्या निम्म्यात, नाही तर उरलेल्यांत. असे निम्मे-निम्मे करत गेले की वीस सेवांतला दोषी चार-पाच फेऱ्यांत सापडतो. एकेक करत बसलात तर दिवस जाईल.

लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स आहेत. कोणता ड्रायव्हर काढायचा?

लोक सवयीने एनव्हीडियाच्या वेगळ्या कार्डाचा काढतात, पण आधी इंटेल किंवा एएमडीच्या अंगभूत ग्राफिक्सकडे बघा. दोन ग्राफिक्स असलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये स्क्रीन अंगभूत ग्राफिक्सलाच जोडलेली असते. वेगळे कार्ड चित्र तयार करून त्याच्याच हाती देते. काही गेमिंग लॅपटॉपमध्ये स्क्रीन थेट कार्डाला जोडायची सोय बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) किंवा कंपनीच्या ॲपमध्ये असते. ती नुकतीच बदलली असेल तर बायोसमध्ये जाऊन परत 'हायब्रिड' करा.

इव्हेंट व्ह्यूअरच्या 'सिस्टीम' लॉगमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद असेल तर डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते. विंडोज त्याला साधारण दोन सेकंदांची मुदत देते, मग त्याला नव्याने सुरू करते. त्या नोंदीत ड्रायव्हरचे नावही असते, त्यामुळे दोघांपैकी कोण ते अंदाजाने ठरवावे लागत नाही.

'रीस्टार्ट' केले की ठीक चालतो; 'शट डाउन' करून सकाळी सुरू केला की पुन्हा काळा. असे का?

हे फास्ट स्टार्टअपचे लक्षण. ते चालू असताना 'शट डाउन' केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. तिचा गाभा आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर जतन होते आणि पुढच्या वेळी जशीच्या तशी उचलली जाते. ड्रायव्हर बिघडलेल्या स्थितीत जतन झाला तर रोज तोच बिघाड परत येतो. 'रीस्टार्ट'मध्ये मात्र सगळे मुळापासून सुरू होते.

कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' असे जा. 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' दाबल्यावर खालचे पर्याय बदलता येतात. 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची टिक काढून सेव्ह करा. एसएसडी असेल तर सुरू होण्याच्या वेळेत फारसा फरक जाणवणार नाही.

अपडेटनंतरच बिघडले. अपडेट काढता येतो का?

येतो, डेस्कटॉपशिवायसुद्धा. शिफ्ट-रीस्टार्टने निळ्या पडद्यावर जा, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. 'क्वालिटी अपडेट' म्हणजे महिन्याचे छोटे अपडेट, 'फीचर अपडेट' म्हणजे वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती. आधी क्वालिटी काढून बघा. फीचर अपडेट मागे घ्यायची मुदत साधारणतः १० दिवस असते. नंतर जुनी आवृत्ती डिस्कवरून पुसली जाते. काढल्यावर सेटिंग्जमध्ये अपडेट एक-दोन आठवडे थांबवून ठेवा, नाहीतर तोच रात्रीतून परत येईल.

सेफ मोडमध्येही काळेच. आता काय राहिले?

विंडोजच्या फाइली, प्रोफाइल किंवा डिस्क. मात्र दुरुस्तीआधी डेटा वाचवा. तो प्रश्न खाली आहे.

सामान्य लॉगिननंतर टास्क मॅनेजर उघडत असेल तर त्यातून ॲडमिनिस्ट्रेटरचा चौकोन टिक करून 'सीएमडी' चालवा. आधी 'डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ', ते संपल्यावर 'एसएफसी /स्कॅननाऊ'. क्रम महत्त्वाचा: एसएफसी बिघडलेल्या फाइली ज्या साठ्यातून बदलते, तो साठा डीआयएसएम दुरुस्त करते. पहिल्या कमांडला इंटरनेट लागते आणि टक्केवारी मध्येच बराच वेळ एका जागी थांबते; खिडकी बंद करू नका. टास्क मॅनेजर उघडत नसेल तर स्टार्टअप सेटिंग्जमधला ६ क्रमांक निवडून निदान एसएफसी तरी चालवा.

त्याच खिडकीत नवा वापरकर्ताही तयार करता येतो: 'नेट युजर', पुढे नाव, पासवर्ड आणि '/ॲड'. मग 'नेट लोकलग्रुप ॲडमिनिस्ट्रेटर्स', तेच नाव आणि '/ॲड'. रीस्टार्ट करून त्या नावाने लॉगिन करा. डेस्कटॉप आला तर दोष जुन्या प्रोफाइलचा. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स, डाउनलोड्स एवढे फोल्डर नव्याकडे आणा. 'ॲपडेटा' सरसकट उचलू नका आणि 'एनटीयुजर डॉट डॅट' ही फाइल तर मुळीच नाही. बिघाड बहुधा त्यातच असतो.

सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तरीही प्रोफाइल उघडताना अडते. १५-२० जीबी मोकळी ठेवा. 'सिस्टीम' लॉगमध्ये डिस्कच्या नावाने ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी वारंवार दिसत असतील तर डिस्कच शेवटचे आचके देत असण्याची शक्यता आहे. ७ म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे वाचणे-लिहिणे पुन्हा करावे लागले. अशा डिस्कवर 'चेकडिस्क' आधी चालवू नका. तासन्‌तास चालणारी ती तपासणी मरत्या डिस्कला पुरते संपवू शकते.

डेस्कटॉप येत नसताना फाइली कशा काढायच्या?

टास्क मॅनेजर उघडत असेल तर 'रन न्यू टास्क'मधून 'नोटपॅड' चालवा. फाइल मेनूतून 'ओपन' निवडा आणि खालचा प्रकार 'ऑल फाइल्स' करा. ही उघडण्याची चौकट म्हणजे आयता फाइल मॅनेजर. फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी करा, त्याच चौकटीत पेनड्राइव्हवर जाऊन पेस्ट करा. निळ्या पडद्यावरच्या कमांड प्रॉम्प्टमध्येही ही युक्ती चालते. तिथे ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात, तेव्हा सी रिकामा दिसला तर घाबरू नका, डी आणि ई बघा. कॉपी चालू असताना प्रगतीची पट्टी तिथे दिसत नाही, चौकट गोठल्यासारखी वाटते. थोडे-थोडे फोल्डर घ्या.

टास्कबार दिसतो, आयकॉनही आहेत, फक्त मागचे चित्र काळे आहे.

हा बिघाडच नाही. 'ईज ऑफ ॲक्सेस' किंवा 'ॲक्सेसिबिलिटी'च्या पर्यायांत डेस्कटॉपचे पार्श्वचित्र दाखवण्याचे बटण बंद झाले आहे का, हाय कॉन्ट्रास्ट चालू आहे का ते पाहा. नसेल तर वॉलपेपरची मूळ फाइल हलवली किंवा पुसली गेली असावी.

झाकण विशिष्ट कोनात ठेवले की चित्र येते-जाते.

डिस्प्ले केबल. बिजागरीत वाकून-वाकून तिच्या तारा तुटतात किंवा टोकाचा कनेक्टर सैल होतो. सॉफ्टवेअरचे उपाय इथेच थांबवा. केबल पॅनेलपेक्षा बरीच स्वस्त असते, तेव्हा दुरुस्ती करणारा थेट पॅनेल बदलायला सांगत असेल तर आधी केबल तपासून मागा.

उबंटूमध्ये लॉगिननंतर काळे होते. तिथे काय करायचे?

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबा. अक्षरांचे टर्मिनल आले तर तिथे लॉगिन करा. 'डीएफ -एच' चालवून मुख्य विभाजन १०० टक्के भरले आहे का ते आधी बघा. भरलेली डिस्क हे डेस्कटॉप न उघडण्याचे नेहमीचे कारण आहे. होम फोल्डरमधल्या 'डॉट एक्सऑथॉरिटी' फाइलची मालकी रूटकडे गेली असेल तर 'चोन' ('चेंज ओनर'चे लघुरूप) या कमांडने ती स्वतःकडे घ्या. सुडो लावून एखादा ग्राफिकल प्रोग्राम उघडला की असे होऊ शकते.

कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट झाल्यावर सुरू झाले असेल तर बहुधा एनव्हीडियाचे मॉड्यूल नव्या कर्नलसाठी तयार झालेले नसते. सुरू होताना एस्केप (जुन्या बायोसवर शिफ्ट) दाबून ग्रब (लिनक्स सुरू करणारा मेनू) उघडा आणि 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडा. तो चालला तर 'सुडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल' करून ड्रायव्हर नव्याने बसवा. जुना कर्नलही चालत नसेल तर ग्रबमध्ये 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो आणि स्क्रीन जाडीभरडी दिसते. ड्रायव्हर दुरुस्त होईपर्यंत तेवढे सोसा.

आणि मॅकबुक?

ॲपलच्या स्वतःच्या चिपचे मॉडेल असेल तर पूर्ण बंद करून पॉवर बटण स्टार्टअपचे पर्याय येईपर्यंत दाबून धरा, डिस्क निवडा, शिफ्ट दाबून 'कंटिन्यू इन सेफ मोड' करा. इंटेलच्या मॉडेलवर सुरू होताना शिफ्ट धरा. सेफ मोडमध्ये डेस्कटॉप आला तर 'लॉगिन आयटम्स'मधले सगळे काढून सामान्य लॉगिन करून पाहा. इंटेलवर ऑप्शन, कमांड, पी आणि आर सुरू होताना सुमारे २० सेकंद धरून एनव्हीरॅमही (काही मूळ सेटिंग्ज जपणारी छोटी मेमरी) पुसता येते. ॲपलच्या चिपवर ही बटणे दाबून काही होत नाही.

शेवटी 'रीसेट' करावे का? आणि दुरुस्तीला द्यायचा झाल्यास काय सांगायचे?

रीसेटच्या आधी ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधले 'सिस्टीम रिस्टोअर' वापरून बघा. बिघाडाच्या आधीची तारीख उपलब्ध असेल तर वीस-तीस मिनिटांत काम होते आणि वैयक्तिक फाइलींना हात लागत नाही. ते नसेल तर 'रीसेट धिस पीसी'मध्ये 'कीप माय फाइल्स' निवडा. फाइली राहतात, बसवलेले प्रोग्राम मात्र जातात. 'क्लाउड डाउनलोड' निवडल्यास चार जीबीपेक्षा जास्त डेटा लागू शकतो, पण फाइली ताज्या मिळतात. डिस्कवरचीच विंडोज बिघडली असल्याचा संशय असेल तर हाच पर्याय घ्या.

टॉर्चच्या उजेडात आकृती दिसली, बाहेरच्या मॉनिटरवर चित्र ठीक आले, कोन बदलल्यावर फरक पडला किंवा डिस्कच्या नोंदी सापडल्या, तर लॅपटॉप दुरुस्तीला द्या. देताना 'स्क्रीन काळी होते' एवढेच सांगू नका. लॉगिन स्क्रीन दिसते का, बाण दिसतो का, सेफ मोडमध्ये काय झाले, बाहेरच्या मॉनिटरवर काय दिसले आणि कोणता ड्रायव्हर किंवा अपडेट काढून पाहिला, हे चार ओळींत लिहून द्या. बिटलॉकरची की मात्र कागदावर लिहून लॅपटॉपला चिकटवू नका. दुरुस्ती करणाऱ्याला ती लागलीच, तर समोर बसून स्वतः टाका.